पिल्लाची आई पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका

जळगाव, धुळे, चाळीसगाव, शिरपूर, प्रश्न कुठूनही आला तरी थोड्याफार फरकाने तोच असतो. 'लॅब्रॅडॉर कुत्र्याचं पिल्लू आवडलंय. फोटो आलेत, व्हिडिओ आलाय. समोरचा दोन हजार टोकन मागतोय. आज दिलं नाही तर दुसऱ्याला देईन म्हणतो. पाठवू का?'

पाठवू नका. पिल्लू आणि त्याची आई जिथे राहतात तिथे जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी दोघांना पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. हा एक नियम पाळलात तर बहुतेक फसवणूक दारातच थांबते.

आपल्याकडे अडचण अंतराची आहे. मनासारख्या जातीचं पिल्लू गावात दिसत नाही, म्हणून मोबाइलवरचा शोध पुणे, मुंबई, इंदूर, सुरतपर्यंत जातो. एवढ्या लांब नुसतं बघायला कोण जाणार, असं आपल्याला वाटतं आणि फसवणारा त्याच्याच भरवशावर असतो. पण पिल्लू पुढची दहा-बारा वर्षं घरात राहणार आहे. त्यासाठी एका रात्रीचा प्रवास परवडत नसेल, तर तेवढ्या लांबचं पिल्लू घेऊ नका.

फसवणूक दोन प्रकारची असते. एकात पिल्लू मुळात नसतंच. दुसऱ्यात पिल्लू असतं, पण आजारी, कोवळं किंवा सांगितलं त्यापेक्षा वेगळ्याच जातीचं. पहिलीची तक्रार तरी होते. दुसरीत माणसं 'आमचं नशीब' म्हणून गप्प बसतात. माझ्या मते ती जास्त वाईट, कारण पैशांबरोबर एक जीवही जातो.

पिल्लू नसतंच, तेव्हा पैसे कसे काढतात

पहिली मागणी नेहमी लहान असते. टोकन गेलं की पिंजऱ्यात बसवलेल्या पिल्लाचा व्हिडिओ येतो, 'गाडी निघाली' असा निरोप येतो. मग पिंजऱ्याचे पैसे, विम्याचे पैसे, आरोग्य प्रमाणपत्राचे पैसे. प्रत्येक वेळी 'हे परत मिळणार आहेत' असं सांगितलं जातं. शेवटी धमकी येते: पिल्लू विमानतळावर किंवा नाक्यावर अडकलंय, दंड भरला नाही तर प्राण्याचा छळ केल्याची केस तुमच्यावर होईल. आधीचे दहा हजार बुडू नयेत म्हणून माणूस आणखी पंधरा हजार पाठवतो. मधेच कधीतरी थांबायचं सुचलं, तर तिथेच थांबा. आधी गेलेली रक्कम पुढची रक्कम पाठवून परत येत नाही.

या साखळीला कुठे अंत नसतो. डेहराडूनच्या एका महिलेचे गोल्डन रिट्रीव्हरच्या पिल्लापायी ६६ लाखांहून अधिक रुपये गेले. २०२१ मध्ये उत्तराखंड पोलिसांच्या विशेष कृती दलाने त्या प्रकरणात कॅमेरूनच्या एका नागरिकाला बंगळुरूत पकडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत, मुळात नसलेली पिल्लं विकणाऱ्या संकेतस्थळांबद्दल गुगलने कॅमेरूनमधल्याच एका व्यक्तीवर दावा लावला. म्हणजे समोरचा गोड मराठीत किंवा हिंदीत बोलत असला, तरी त्याच्यामागे सराईत टोळी असू शकते. भोळेपणामुळेच लोक फसतात, असं समजू नका.

जाहिरात पाहताना या गोष्टी दिसल्या तर पुढे जाऊ नका:

- किंमत फारच कमी. लॅब, हस्की किंवा शिह त्झू तीन-चार हजारांत, किंवा 'फुकट दत्तक, फक्त ट्रान्सपोर्टचा खर्च द्या'.
- सैन्यातल्या बदलीची कथा. 'मी जवान आहे, पोस्टिंग झाली, पिल्लू चांगल्या घरी द्यायचंय', सोबत ओळखपत्राचा फोटो. आपल्याकडे गावोगावी सैन्यात गेलेली मुलं आहेत, वर्दी पाहिली की आपण शंका घेत नाही. पण ओळखपत्राचा फोटो कुणाचाही चोरता येतो.
- 'इम्पोर्टेड पिल्लू, कस्टममध्ये आहे.' एप्रिल २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्रे आणण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली. परदेशातून थेट तुमच्यासाठी पिल्लू येतंय असं कुणी सांगत असेल, तर संभाषण तिथेच संपवा.
- पैसे 'घेण्यासाठी' क्यूआर कोड. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.
- पिल्लू कुठे पोहोचलं ते पाहायला ॲप. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल कधीही उघडू नका. लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या फाइलींनी आपल्याकडे अनेकांची खाती रिकामी केली आहेत. पिल्लाच्या नावाने आलेली फाइल त्याच जातीची.

फोटो गुगल लेन्समध्ये टाकून पाहा. तोच फोटो दुसऱ्या शहराच्या किंवा दुसऱ्या देशाच्या जाहिरातीत सापडला, तर वेगळा पुरावा नको.

फोनवर काय विचारायचं

व्हिडिओ कॉलचा आग्रह धरा, पण नुसता कॉल पुरेसा नाही, कारण दुसऱ्या मोबाइलवर चालू असलेला जुना व्हिडिओही कॅमेऱ्यासमोर धरता येतो. कॉल चालू असतानाच सांगा: 'कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहून पिल्लाजवळ ठेवा. आता त्याची आई दाखवा. आता घराचा दरवाजा आणि बाहेरचा रस्ता दाखवा.' खऱ्या ब्रीडरला, म्हणजे पैदास करून विकणाऱ्याला, याचा राग येत नाही. टाळाटाळ करणारा 'नेटवर्क नाही' म्हणतो किंवा 'तुमच्यासारखे दहा जण विचारतात' म्हणून चिडतो.

मग विचारा: पिल्लांचा जन्म कोणत्या तारखेचा? एका वेतात किती झाली? पहिली लस कोणत्या दिवशी दिली, कोणत्या डॉक्टरांनी? त्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर स्वतः शोधून फोन करा, विक्रेत्याने दिलेल्या नंबरवर करू नका.

'डबल बोन', 'पंच फेस', 'शो क्वालिटी' हे शब्द तुम्ही ऐकालच. भाव वाढवायला ते वापरले जातात, त्यांची शासकीय व्याख्या कुठेही नाही. त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

कायदा तुमच्या बाजूने काय सांगतो

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. दुकानांसाठीचे वेगळे नियम २०१८ मध्ये आले. ग्राहक म्हणून तुम्हाला यातलं एवढंच माहीत असलं तरी पुरे:

- पैदास करून विकणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी हवी. दुकानालाही तीच लागते. नोंदणीचा क्रमांक विचारा, प्रमाणपत्र पाहा.
- आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.
- विक्रीपूर्वी पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली असावी आणि वयानुसार लसीकरण झालेलं असावं.
- एका कुत्रीकडून वर्षात एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही. ज्याच्याकडे बारा महिने दहा जातींची पिल्लं 'तयार' असतात, तो पिल्लं कुठून आणतो हे विचारायलाच हवं.

चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद म्हणजे ही नोंदणी नव्हे. केसीआयचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, व्यवसायाचा परवाना देत नाही. विक्रेता 'पेपर्ससह' म्हणून पाच-दहा हजार जास्त मागत असेल, तर पिल्लाच्या आई-वडिलांची प्रमाणपत्रं समोर ठेवायला सांगा. त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक आणि आईच्या अंगातल्या चिपचा क्रमांक जुळायला हवा. 'पेपर नंतर कुरिअरने पाठवतो' या शब्दावर जास्तीचे पैसे देऊ नका.

बाजारात पिल्लं सर्रास तीस-पस्तीस दिवसांची विकली जातात, हे वास्तव आहे. एवढंसं पिल्लू गोजिरं दिसतं आणि लवकर विकलं की ब्रीडरचा खाण्याचा आणि लशीचा खर्च वाचतो. पण त्या वयात आईचं दूध तोडलेलं पिल्लू लवकर आजारी पडतं, आणि भावंडांत खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे शिकायचंही राहून जातं. घरी आल्यावर ते मुलांना चावतं आणि मग दोष जातीला दिला जातो. छप्पन्न दिवस पूर्ण झालेलंच पिल्लू घ्या.

बघायला गेल्यावर

शक्य असेल तर दिवसा जा आणि दोघं जण जा. पिल्लू आधी उचलू नका. एकदा कुशीत घेतलं की नाही म्हणणं जड जातं. पाच-दहा मिनिटं लांबून पाहा. निरोगी पिल्लू भावंडांशी झटापट करतं, माणूस आला की धावत येतं. कोपऱ्यात गुपचूप पडलेलं पिल्लू 'शांत स्वभावाचं' आहे असं सांगितलं, तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

आई कुठे आहे ते विचारा. 'बाहेर नेली आहे', 'चावते म्हणून बांधलीय', 'मामाच्या मळ्यात आहे' ही उत्तरं आली, तर बहुधा पिल्लं त्या घरची नाहीत. आई समोर आली की तिचे सड पाहा. आठ-नऊ आठवड्यांपूर्वी व्यालेली कुत्री दिसली की कळते. पिल्लं तिला ओळखतात की नाही, तेही दिसतं.

मग जवळून पाहा:

- डोळ्यांत चिकटा, नाकातून स्राव, शेपटीखाली लागलेली विष्ठा नसावी.
- हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या हिरड्या रक्त कमी असल्याचं सांगतात, बहुतेक वेळा जंत किंवा गोचिडांमुळे.
- पोट टम्म फुगलेलं आणि बरगड्या वर आलेल्या, असं पिल्लू जंतांनी भरलेलं असू शकतं.
- आठ आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात जवळजवळ सगळे आलेले असतात. दात नुकतेच हिरडीतून वर येताना दिसत असतील तर वय कमी आहे.
- लसीकरणाच्या पुस्तिकेत लशीच्या बाटलीचं स्टिकर हवं. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. खाली डॉक्टरांची सही आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेला शिक्का हवा. नुसतं पेनने लिहिलेलं 'लस दिली' ग्राह्य धरू नका.

पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. दीड महिन्याच्या पिल्लाच्या पुस्तिकेत 'सगळ्या लशी पूर्ण' लिहिलेलं असेल, तर एकतर वय खोटं आहे नाहीतर लसीकरण.

जात ठरवतानाही घाई नको. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हस्की किंवा सेंट बर्नार्ड या उन्हात त्रासात जगतात. विक्रेता 'सवय होते' म्हणेल, पण अंगावरचा दाट केसांचा थर सवयीने जात नाही. केळीच्या बागेत किंवा मळ्यावर राखणीला कुत्रा हवा असेल, तर गावातल्याच चांगल्या कुत्रीचं पिल्लू किंवा कारवानी जातीचं पिल्लू या हवेला जास्त जुळतं. दत्तक घ्यायचं असेल तर शहरातल्या पशुवैद्यांना विचारा. कोणत्या पिल्लांना घर हवं आहे, ते त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं.

'ट्रॅव्हल्सने पाठवतो', 'हायवेवर भेटू'

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यामुळे 'आमची गाडी तिकडून जाणारच आहे, बायपासवर ढाब्याजवळ देतो' हा प्रस्ताव सोयीचा वाटतो. स्वीकारू नका. गाडीतून दिलेल्या पिल्लाची आई दिसत नाही, घर दिसत नाही, आणि दोन दिवसांनी ते हगवणीने मरायला टेकलं की तक्रार करायला पत्ताही नसतो.

रात्रीच्या खासगी बसच्या डिकीत टोपलीतून पिल्लं पाठवली जातात. बंद डिकीत उष्णता आणि धुरामुळे पिल्लू दगावू शकतं. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार कुत्र्याबरोबर पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर स्टेशनच्या पार्सल कार्यालयात नोंदणी होऊन पावती मिळते. 'पिल्लू रेल्वेत चढवलंय' असं कुणी सांगितलं, तर पावतीचा फोटो मागा आणि आणखी पैसे पाठवण्याआधी जळगाव किंवा भुसावळ स्टेशनच्या पार्सल कार्यालयात तो दाखवून खात्री करा.

पैसे देताना

पूर्ण रक्कम पिल्लू ताब्यात घेतानाच द्या. आगाऊ द्यावीच लागली, तर जागा पाहून झाल्यावर, थोडी आणि पावती घेऊन. रोख टाळा, म्हणजे व्यवहाराची नोंद राहते. यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव वाचा. ब्रीडर पाटील आणि खातं तिसऱ्याच माणसाचं दिसलं, तर पैसे पाठवू नका.

पावतीवर हे लिहून घ्या: विक्रेत्याचं पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पिल्लाची जात, लिंग, जन्मतारीख, मायक्रोचिप क्रमांक, दिलेल्या लशी, रक्कम. शेवटी एक ओळ असू द्या की इतक्या दिवसांत पशुवैद्याला पिल्लू आजारी आढळल्यास रक्कम परत केली जाईल. प्रामाणिक ब्रीडर तीन-चार दिवसांची मुदत सहसा देतात. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका.

पैसे गेले असतील तर

लेख वाचताना तुमच्या बाबतीत हे घडत असेल, तर बाकी सोडून हे करा:

१. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की पैसे जिथे गेले त्या बँकेला कळवून रक्कम गोठवण्याचा प्रयत्न होतो. चोर मिळालेले पैसे पटापट दुसऱ्या खात्यांत फिरवतात, म्हणून पहिल्या तासाला मोल आहे. 'उद्या मुलगा आला की बघू' म्हणू नका.

२. आपल्या बँकेला कळवा, तक्रारीचा क्रमांक घ्या. एपीके उघडली असेल तर मोबाइलचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला खातं थांबवायला सांगा.

३. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्रीय पोर्टलवर तक्रार भरा. जाहिरात, चॅट, क्यूआर कोड, फोन नंबर यांचे स्क्रीनशॉट जोडा.

४. पोलिस ठाण्यात जा. 'गुन्हा पुण्यात घडला, तिकडे जा' असं सांगितलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. नोंदवून घेतली नाही तर पोलिस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ डी लागू शकतं.

रक्कम गोठली तरी ती आपोआप खात्यात येत नाही. परत मिळवण्यासाठी बऱ्याचदा न्यायालयात अर्ज करावा लागतो, म्हणून तक्रारीची प्रत जपून ठेवा आणि तपास अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करत राहा.

यानंतर बहुधा आणखी एक फोन येतो: 'मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा.' कधी कुणी 'रिकव्हरी एजंट' म्हणून ओळख सांगतो. पैसे परत मिळवून द्यायला पोलिस फी घेत नाहीत. हा फोन त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेल्या दुसऱ्या टोळीचा असतो. ज्या घरात नवऱ्याला किंवा सासऱ्यांना न सांगता पैसे पाठवलेले असतात, तिथे हा दुसरा डाव सहज साधतो. म्हणून पहिल्याच दिवशी घरात सांगा.

पिल्लू आजारी निघालं तर

घरी आणल्यावर एक-दोन दिवसांत पशुवैद्याकडे न्या, पिल्लू ठणठणीत दिसत असलं तरी. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा पशुवैद्यकीय चिकित्सालयात न्या. खाणं सोडणं, उलट्या, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त हगवण ही पार्व्हो या विषाणूजन्य रोगाची लक्षणं आहेत. लागण झाल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत ती दिसतात. त्यामुळे आणल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पिल्लू पडलं, तर रोग बहुधा विक्रेत्याकडूनच आला आहे. डॉक्टरांकडून तपासणीचा लेखी अहवाल तारखेसह घ्या. पुढच्या दाव्यात तोच मुख्य कागद ठरतो.

व्यवसाय म्हणून पिल्लं विकणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येतो. सदोष माल परत घेऊन पैसे परत न करणं ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

आधी लेखी मागणी करा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. विक्रेता पुण्याचा असला तरी तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या किंवा धुळ्याच्या आयोगात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. घरच्या कुत्रीची पिल्लं एकदाच विकणाऱ्या माणसाविरुद्ध मात्र हा मार्ग सहसा चालत नाही.

आजारी, उपाशी, कोंडलेली पिल्लं विकणारी जागा दिसली, तर जिल्हाधिकारी ज्या समितीचे अध्यक्ष असतात त्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे आणि पशुसंवर्धन विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी कळवा. दया येऊन तिथलं एखादं पिल्लू विकत घेऊ नका. रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात आठवड्याभरात दुसरं येतं.

पार्व्होने पिल्लू गेलं असेल, तर त्याचं अंथरूण आणि भांडी फेकून द्या, फरशी पाणी घातलेल्या ब्लीचने धुवा. हा विषाणू अंगणाच्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्याच घरात दुसरं पिल्लू कधी आणायचं आणि त्याआधी त्याचं किती लसीकरण झालेलं असावं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.